आकाश रिकामं आहे

राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर येऊन अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली, तेव्हा रुडी हुदाक मोठ्याने हसला होता. एकटाच. स्लोव्हाक क्लबच्या हॉलमध्ये त्या सोमवारी बायकापोरं धरून नव्वद-एक माणसं तरी असतील, आणि बारवर टांगलेल्या टीव्हीखाली एकूण एक चेहरा पांढराफटक पडला होता. बुधवारी सकाळी अकराच्या आत कामावर हजर व्हा, नाहीतर नोकरी गेली समजा, असं राष्ट्राध्यक्ष आपल्या सरकारी निवासस्थानाच्या बागेत उभे राहून सांगत होते. आवाज चढवला नाही की काही नाही.

"दम देतोय नुसता," रुडी म्हणाला. "अरे, आपलाच माणूस आहे तो. घाबरताय काय?"

आपलाच म्हणायला कारण होतं. आदल्या वर्षी निवडणुकीच्या तोंडावर ह्याच माणसाने त्यांच्या युनियनला पत्र लिहिलं होतं. तुमची यंत्रं जुनी आहेत, तुमच्यावर कामाचा फार ताण आहे, मी निवडून आलो की तुमच्यासोबत बसून सगळं नीट करीन, असं. देशातल्या बहुतेक कामगार युनियनी दुसऱ्या बाजूला असताना विमानांना वाट दाखवणारी ही माणसं मात्र ह्याच्या पाठीशी उभी राहिली. रुडीने तर त्या पत्राची छापील नक्कल चार घड्या घालून पाकिटात ठेवली होती. कोणी वाद घातला की काढून दाखवायचा.

त्याचं काम असं, की ओहायोतल्या मक्याच्या शेतांमध्ये एक बिनखिडक्यांची इमारत होती, तिच्या आत अंधारात रडारच्या हिरव्या काचेपुढे बसायचं आणि शिकागो-न्यूयॉर्क ये-जा करणारी विमानं एकमेकांच्या अंगावर जाऊ द्यायची नाहीत. चौदा वर्षं तो हेच करत होता. पन्नाशी गाठून धडधाकट बाहेर पडलेला एकही माणूस त्याने त्या इमारतीत पाहिला नव्हता. कुणाच्या पोटाचं वाटोळं झालेलं, कुणाच्या संसाराचं. कामाचे तास कमी करा, एवढं मागत मागत सात महिने गेले, आणि शेवटी त्या सकाळी सात वाजता सगळे बाहेर पडले. सरकारी नोकराने संप करायचा नाही असा कायदा होता. नोकरीत घेताना तशी शपथही घ्यायला लावत. ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण पत्रही ठाऊक होतं ना!

कोपऱ्यात पत्ते कुटत बसलेल्या म्हाताऱ्या हुदाकने, म्हणजे रुडीच्या बापाने, मान वर न करताच विचारलं, "काय रे, तुझा तो सिनेमातून आलेला राष्ट्राध्यक्ष काय म्हणतोय?"

"काही नाही बाबा. नाटक करतोय."

"ते त्याला चांगलं जमतं." म्हाताऱ्याने पान टाकलं. "चाळीस वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे काढली मी. सात संप केले. मालकाने लिहून दिलेला कागद आम्ही चुलीत घालायचो. आणि तू पाकिटात घालून फिरतोस, लग्नाच्या फोटोसारखा."

"तुमचा काळ वेगळा होता."

"काळ वेगळा होता, मालक तोच असतो. पण ऐक, आता बाहेर पडलायस ना? मग उभा राहा. मधूनच माघारी फिरलास तर ह्या क्लबात पाय ठेवू नकोस. मी बसतो इथे."

लोक हसले, आणि हॉलमधला ताण जरा सैल झाला.

तेवढ्यात ऑरिन टेलफर आला. ताडमाड उंच, बोलायला सावकाश, आणि शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. आठ वर्षांपूर्वी रुडीनेच त्याला शिकवून तयार केलं होतं आणि तेव्हापासून दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. त्याची बायको क्लॅरिस आठव्या महिन्यात होती. आधीची दोन पोरं पोटातच गेलेली. रविवारपासून तिला दवाखान्यात ठेवलं होतं.

"कशी आहे?" रुडीने विचारलं.

"सहाव्या मजल्यावर टाकलंय. रक्तदाब खाली यायला तयार नाही. डॉक्टर म्हणतो, हलायचं नाही, चिडायचं नाही, बातम्या बघायच्या नाहीत." ऑरिनने टीव्हीकडे पाहिलं. "काय म्हणाला तो? खरंच काढणार?"

"बारा-तेरा हजार माणसं काढून विमानं उडवणार कोण? त्याची बायको?"

"पण रुडी, काढलंच तर... दवाखान्याचा विमा ह्या नोकरीवरच आहे. तुझं मत काय?"

"माझं मत? मत तर मी नोव्हेंबरातच देऊन बसलोय!"

पुन्हा हशा झाला. ऑरिनही हसला. पण रुडीच्या खांद्यावर ठेवलेला हात त्याने बराच वेळ काढला नाही.

ह्या लोकांची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पाळी बदलताना नवा माणूस येऊन खुर्चीच्या मागे उभा राहतो. बसलेला माणूस काचेवरून नजर न हलवता त्याला सगळं सांगतो. हे विमान इथे, ते खाली उतरतंय, त्या दोघांवर लक्ष ठेव. नवा माणूस दोन मिनिटं नुसता बघतो. आपल्या डोक्यात सगळं आकाश बसलं असं वाटलं की म्हणतो, "घेतलं." तो शब्द ऐकल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नाही, मग लघवीला लागलेली असो की घराला आग. आणि एकदा "घेतलं" म्हटलं की पुढचं सगळं त्याच्या अंगावर. त्या दोन मिनिटांत खोटं बोलायचं नाही. बायकोशी बोला, सरकारशी बोला, पाद्र्याशी बोला. तिथे नाही. काचेवर जे आहे तेच सांगायचं. रुडीने ऑरिनला पहिल्या दिवशी शिकवलं ते हे.

मंगळवारी दुपारी रुडी घराच्या मागच्या अंगणात मान वर करून उभा होता.

सव्वाबारा ते पाऊण हा त्यांच्या पट्ट्यातला सगळ्यात गर्दीचा अर्धा तास. रोजच्या दिवशी पंधरा-सोळा विमानं डोक्यावरून जात. त्याला ती न बघताही कळत, आवाजावरून. सोमवारी त्या इमारतीच्या फाटकाबाहेर उभं राहून त्याने मोजली होती तेव्हा चारच गेली होती, आणि त्याच्या छातीत आनंदाचं कारंजं उडालं होतं. बघा, म्हणावं! आमच्याशिवाय उडवून दाखवा!

आज अकरा गेली.

त्याने पहिल्यांदा मानलंच नाही. आपण एखादं दोनदा मोजलं असेल. पण असं दोनदा मोजणारा माणूस त्या नोकरीत आठवडाभर टिकत नाही. अकरा. आणि अंतरं कशी, फूटपट्टीने आखल्यासारखी. म्हणजे आत कोणीतरी बसलंय आणि नीट बसलंय. बारावं लांबून घरघरत येत होतं.

"काय मोजतोयस?" नेडीनने दारातून विचारलं. नेडीन म्हणजे त्याची बायको, शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती आणि तिच्यापासून काही लपवणं कठीण.

"ढग."

"आज ढग नाहीत, रुडी."

ती हात पुसत बाहेर आली. "गॅफनीचा फोन आला होता. तुझ्या साहेबाचा."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, रुडीला सांगा उद्या अकराच्या आत सही करून आत या, कोणी काही विचारणार नाही. सैन्यातली माणसं आलीत म्हणाला. सगळे साहेब लोक बारा-बारा तास खुर्चीत बसतायत. सरकार दमणार नाही, म्हणाला, तुम्ही दमाल." ती थांबली. "आवाजावरून खोटं वाटलं नाही रे मला."

"त्याचं कामच आहे ते."

"आणि तुझं काय काम आहे? तो पेट्रोल पंपवाला आज मला म्हणतो, तुमच्या नवऱ्याला सांगा, एवढा पगार खाऊन शपथ मोडणाऱ्याला मी असतो तर सोमवारीच हाकललं असतं. वीस वर्षं आपण त्याच्याकडे जातोय, रुडी! लोक आपल्या बाजूने नाहीत."

"मग काय करू? पाच जणांना मीच बाहेर काढलंय. घरोघर जाऊन. ते बाहेर आणि मी आत?"

"त्यांनाही सांग. खरं काय ते सांग, म्हणजे ज्याचं तो ठरवेल."

किती सोपं बोलली! पण रुडीला ते जमण्यासारखं नव्हतं. युनियनने त्याच्या हाताखाली पाच माणसं दिली होती. रोज संध्याकाळी सहाला त्या पाचही जणांना फोन करायचा, धीर द्यायचा, कोणी डगमगतंय का ते पाहायचं. एक डगमगला की पाच जातात आणि पाच गेले की सगळेच, हे त्याला सांगून ठेवलं होतं. शिवाय पत्र होतं. त्याने पाकिटातून ते काढलं आणि स्वयंपाकघरात उभं राहून पुन्हा वाचलं. तेच शब्द होते. आज ते वाचताना कोणत्याही वाक्यात तारीख नाही, आकडा नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. दहा महिने तो हे वाचत होता आणि हे त्याला आज दिसलं.

सहा वाजता त्याने फोन लावायला सुरुवात केली. चार जणांना त्याने ठरलेलं ते सांगितलं. पाचवा ऑरिन. दवाखान्याच्या वरांड्यातला फोन नर्सने उचलला आणि ऑरिन यायला बराच वेळ लागला.

"काय म्हणतेय क्लॅरिस?"

"झोपलीय. पोराचे ठोके ऐकवले आज मला. घोडा दौडतो तसे." ऑरिन थांबला. "रुडी, मला एक सांग. इथे आत बसून माणूस आंधळा होतो. आकाश कसं आहे?"

रुडीने खिडकीबाहेर पाहिलं. पश्चिमेकडे दोन पांढऱ्या रेघा होत्या आणि तिसरी उमटत होती.

आता सांगून टाकावं. अकरा, ऑरिन. उद्या बारा होतील, शुक्रवारी पंधरा. ते आपल्याशिवाय उडवतायत. तू जा, तुझं पोर यायचंय. सगळं ओठावर आलं होतं. पण ऑरिन गेला तर बाकीचे चार विचारणार, का गेला? आणि मग रुडीला स्वतःलाही ते मानावं लागणार. बापाला जाऊन सांगावं लागणार. नेडीन चुलीपाशी पाठमोरी उभी होती, पण तिचा हात थांबला होता.

"रिकामं आहे," रुडी म्हणाला.

पलीकडे दवाखान्याच्या ट्रॉलीची चाकं तेवढी वाजत गेली.

"रिकामं?"

"चार-दोन दिसतात. बाकी रिकामं. धीर धर."

मग ऑरिन हळूच म्हणाला, "घेतलं." आणि त्याने फोन ठेवला.

रुडी रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहिला. नेडीन वळून त्याच्याकडे बघत होती. "काय बोललास तू आत्ता?" तिने विचारलं. त्या रात्री तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतः जेवली नाही.

बुधवारी सकाळी तो ठरवून निघाला होता. ऑरिनला गाठायचं, बाजूला घ्यायचं आणि खरं सांगायचं. आधी दवाखान्यात फोन केला, तर ऑरिन पहाटेच निघालाय म्हणाले. घरी केला, कोणी उचलेना. रुडीने गाडी अशी हाकली की दोन ठिकाणी लाल दिवाही पाहिला नाही.

फाटकापाशी पोहोचला तेव्हा दहा पंचवीस झाले होते. दीडशे-दोनशे माणसं, पाट्या, कॉफीचे थर्मास, कोणाची तरी पोरं बापाच्या खांद्यावर. रस्त्यापलीकडे दोन टीव्हीवाले कॅमेऱ्याच्या तिपाया लावून उभे. फाटकाच्या आत गॅफनी हातात वही घेऊन उभा होता. आत येणाऱ्याची सही घ्यायला. आणि सगळ्यांच्या पुढे, पाटी उंच धरून, ऑरिन.

"अरे, ये ये!" तो ओरडला. "मी सगळ्यांना सांगितलंय, रुडी म्हणतो आकाश रिकामं आहे!"

रुडीने ऑरिनला दंडाला धरून कुंपणाकडे नेलं.

"क्लॅरिस कशी आहे?"

"तशीच."

"मग तू इथे काय करतोयस?"

"तू काय करतोयस तेच." ऑरिन त्याच्याकडे वरून, अगदी शांतपणे बघत होता. "काही सांगायचंय का तुला?"

"हो. ऐक. काल संध्याकाळी मी..."

तेवढ्यात गलका झाला. एक निळी गाडी लोकांमधून फाटकाकडे सरकत होती. आत वेक्सलर नावाचा माणूस होता, दुसऱ्या पाळीतला, दोन्ही हात चाकावर आणि नजर नाकासमोर. लोकांनी टपावर बुक्के मारायला सुरुवात केली. "गद्दार! अरे, गद्दारा!" काचेवर कोणीतरी थुंकलं. परवापर्यंत वेक्सलरबरोबर बोलिंग खेळणारी माणसं होती ती. गाडी फाटकातून आत गेली, वेक्सलरने उतरून सही केली, आणि खिशातून रुमाल काढून काच पुसू लागला. पुसता पुसता तो रडत होता, हे इथूनही दिसत होतं.

"बोल की," ऑरिन म्हणाला.

रुडीने मनगट वर केलं. घड्याळात दहा एक्केचाळीस झाले होते. एकोणीस मिनिटं पुष्कळ होती. शंभर पावलांवर फाटक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण आता ते वाक्य बोलणं म्हणजे ऑरिनला त्या बुक्क्यांमधून पाठवणं. आणि लोक विचारणार, कोणी पाठवलं? रुडीने. रुडीनेच तर रिकामं म्हटलं होतं ना? मग? भीती अशी असते बघा, तिला दुसऱ्याच्या भल्याचं सोंग फार छान घेता येतं. ह्याला मार बसेल म्हणून मी बोलत नाही, असं रुडीने स्वतःला सांगितलं. ते ऐकून त्याला स्वतःचीच किळस आली, आणि तरी तो बोलला नाही.

"काही नाही," तो म्हणाला. "चिकटून राहू."

ऑरिनने आणखी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि पाटी उचलून पुढे जाऊन उभा राहिला.

अकराला पाच मिनिटं असताना सगळे गाऊ लागले. अकरा वाजले. टोप्या उडाल्या, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. गॅफनीने वही मिटली आणि वळून आत निघून गेला. एकदाही मागे पाहिलं नाही त्याने. त्यावरून रुडीला कळलं, की संपलं.

नोकरीवरून काढल्याची पत्रं आठवड्याभरात आली. ही पत्रं खरी होती, त्यांत तारखा होत्या. अकरा हजारांहून जास्त माणसं एका फटक्यात गेली, आणि ह्या नोकरीत जन्मात पुन्हा घेणार नाही असंही सांगून झालं. त्यांची युनियनच मोडीत काढली. विमानं उडत राहिली.

ऑरिनची मुलगी त्याच महिन्यात झाली, वेळेआधी, ओंजळीत मावेल एवढी. जगली. पण सहा आठवडे काचेच्या पेटीत होती, आणि विमा गेल्यामुळे त्या पेटीच्या बिलापायी ऑरिनचं घर गेलं. ते लोक दक्षिणेला दोन तासांवर क्लॅरिसच्या माहेरी राहायला गेले. तिथे तो हिवाळ्यात घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या आणि गिझर दुरुस्त करू लागला. रुडीला एका लोखंडी सामानाच्या गोदामात काम मिळालं. नाताळला दोघांमध्ये कार्डं जायची यायची. रुडी दर वेळी कार्डावर खूप काही लिहायला बसायचा आणि शेवटी नुसती सही करायचा.

म्हाताऱ्या हुदाकने त्याला एकदाच बोलून दाखवलं, दोन वर्षांनी, त्याच्या जुन्या कारखान्यात संप झाला आणि मालकाने तिसऱ्या दिवशी बाहेरची माणसं आणून बसवली तेव्हा. "पूर्वी मालक असं करायला कचरायचा," तो म्हणाला. "लाजायचा जरा. तुमच्यावर पाहिलं ना सगळ्या देशाने, सरकारच करतंय म्हटल्यावर लाज कसली?" मग रुडीचा चेहरा पाहून म्हणाला, "तू उभा राहिलास, ते बरं केलंस." रुडीला वाटलं, त्याऐवजी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर चार वर्षांनी म्हातारा गेला.

बारा वर्षं झाली. राष्ट्राध्यक्ष बदलले, पुन्हा बदलले, आणि नव्व्याण्णव टक्के लोक ही गोष्ट विसरून गेल्यावर एका ऑगस्टमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी ती बंदी उठवली. काढलेल्यांनी पुन्हा अर्ज करावेत म्हणाले. रुडी एक्कावन्न वर्षांचा झाला होता.

शनिवारी सकाळी ऑरिन दारात उभा. केस पिकलेले, बोटं काजळीने कायमची काळी झालेली, हातात दोन अर्ज.

"एक तुझा," म्हणाला. "घेतील असं नाही. घेतलं तरी शंभरात पाच-सात. पण भरू या म्हटलं, शेजारी शेजारी बसून."

नेडीनने अंगणात दोन खुर्च्या टाकून दिल्या, कॉफी ठेवली, आणि रुडीकडे एकदा पाहून आत गेली. ते पाहणं रुडी बारा वर्षं ओळखत होता. अर्जावर त्याने नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. मग पेन ठेवलं.

"ऑरिन, आकाश रिकामं नव्हतं."

ऑरिन लिहीतच होता. "अकरा," म्हणाला.

"काय?"

"मंगळवारी, सव्वाबारा ते पाऊण. अकरा होती. बारावं एक छोटं खासगी होतं, ते मी धरलं नाही."

रुडी बघत राहिला. "तू तर म्हणालास, आत काही दिसत नाही."

"सहावा मजला होता, रुडी. अख्खी भिंत खिडकीची. क्लॅरिस झोपली होती आणि मला दुसरं काम काय होतं?"

"मग... मग विचारलंस कशाला मला?"

"तुलाही अकराच दिसतात का ते बघायला." ऑरिनने पेनचं टोपण लावलं. "तू रिकामं म्हणालास. तू! ज्याने मला शिकवलं. तेव्हा मला कळलं, हा किती घाबरलाय. म्हटलं, ह्याला एकट्याला तिथे कसं टाकून जाऊ?"

"अरे पण लेका, तुझी बायको, तुझं पोर!" रुडी ओरडलाच. "घर गेलं तुझं! बारा वर्षं मी... एकदा तरी सांगायचं होतंस! गेटवर का नाही बोललास? का नाही गेलास आत?"

"कसा जाणार?" ऑरिन नेहमीच्या सावकाश आवाजात म्हणाला. "मी घेतलं म्हणालो होतो ना फोनवर. एकदा म्हटल्यावर उठता येतं का? दुसऱ्याने येऊन घ्यावं लागतं. तू कुंपणापाशी नेलंस मला, म्हणालास ऐक, तेव्हा वाटलं, आला हा घ्यायला. तू नुसतं 'जा' म्हणाला असतास, रुडी, तरी मी गेलो असतो. वेक्सलरसारखा थुंकी पुसत गेलो असतो. एकोणीस मिनिटं मी तुझ्याकडेच बघत होतो."

रुडीने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. स्वयंपाकघरातलं पाणी वाजायचं थांबलं होतं. नेडीन ऐकत होती.

मग रुडी उठला. ऑरिनच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, पाळी घेताना तिथे उभं राहायची रीत होती म्हणून, आणि दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं म्हणूनही.

"सांग," तो म्हणाला. "घराचं सांग, क्लॅरिसचं सांग. पेटीतल्या सहा आठवड्यांचं. सगळं सांग."

"आता काय उपयोग आहे त्याचा?"

"सांग तू."

ऑरिनने खांदे उडवले. मग समोर, मोकळ्या अंगणाकडे बघत, त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.